वसूल आणि बुडीत : मुनीमजींच्या २१२ पानांचं प्रकरण

(ओळख पटेल असं सगळं बदललंय किंवा गाळलंय. मुनीमजी, त्यांची बायको आणि मुलगी तिघांनी हे वाचून हो म्हटल्यावरच टाकतोय. दोन परिच्छेद त्यांनी काढायला लावले, ते काढले.)

पार्श्वभूमी

मी रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. आयुष्यभर पोरांकडून एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी वांगी, सुरई आणि घडी घातलेला नॅपकिन काढून घेतला, त्यामुळे चित्र म्हटलं की माझं डोकं आधी शेडिंग कुठंय ते शोधतं. हे आधीच सांगतो कारण पुढं मी जे घोळ घातले त्यातले निम्मे ह्याच डोक्यातून आलेत.

मुनीमजी म्हणजे नागपूरच्या इतवारीतल्या धान्याच्या एका पेढीवर तीसेक वर्षं हिशेब लिहिणारा माणूस. कॉम्प्युटर आला, टॅली आलं, तरी शेठजींचा हट्ट की रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, हातानंच लिहिलेला पाहिजे आणि तो ह्यांच्याच हातचा पाहिजे, कारण अक्षर असं की वाण्याच्या दुकानात वही उघडली तर गिऱ्हाईक माल सोडून वही बघत बसेल. आजार बायपोलर, म्हणजे मन कधी उधाणतं तर कधी पार खचतं, चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळला, धंतोलीतल्या डॉक्टरांची लिथियमची गोळी चालू होती आणि मधली बरीच वर्षं शांततेत गेली होती.

मग हात थरथरायला लागला. लिथियमनं बोटं बारीक थरथरतात हे काही नवीन नाही, आणि आपल्याकडं मार्चपासूनच ऊन तापतं, घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की हे औषध रक्तात वाढतं आणि थरथर आणखी वाढते, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. मुनीमजींना तेव्हा एवढंच दिसलं की ७ चा १ होतोय आणि शेठजींचा नातू हसतोय. होळीनंतर त्यांनी गुपचूप गोळी बंद केली.

एप्रिलमध्ये १९ रात्री ते झोपले नाहीत. त्या १९ रात्रीत पेढीवरून आणलेल्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या तीन लांब वह्या बॉलपेननं भरल्या, एकूण २१२ पानं, मुलीनं मोजली. त्यानंतर भरती करावं लागलं, तीन आठवडे, मग घरी, मग गोळी परत सुरू. वह्या कपाटावर पडून होत्या.

अडचण काय होती

वहिनींनी (मुनीमजींच्या बायकोनं) मला जूनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, सर तुम्ही चित्रकलेचे आहात, हे ठेवू का टाकू एवढं सांगा.

मी पहिली वही उघडली आणि खरं सांगतो, बसलो ते दोन तास उठलो नाही. प्रत्येक पान रोजमेळासारखं आखलेलं, डावीकडं जमा, उजवीकडं नावे. पण जमेला काय तर "नाग नदी, बादल्या ७" आणि "कूलरचा आवाज, रात्रभर", आणि नावे काय तर "भिंत तीनदा बोलली", "आईची साडी, हिरवी, परत नाही". खाली दोन्ही बाजूंची बेरीज, आणि ती दर पानाला जुळते! मी कॅल्क्युलेटरवर तपासली. शून्यं फुगत फुगत संत्री झालेली, त्यांना देठ, देठाला पान, पानाला परत आकडा. कागदावर बोटभर जागा रिकामी नाही.

एक पान मी विसरूच शकत नाही. मधोमध मोठा काटा, म्हणजे तराजू, एका पारड्यात घर आणि घरात पाठमोरी बसलेली बाई, दुसऱ्या पारड्यात नुसतं शून्य, आणि शून्याचं पारडं खाली गेलेलं. काट्याची दांडी लाल पेननं इतक्यांदा गिरवलीय की कागद फाटला, आणि फाटलेलं त्यांनी दाभण घेऊन सुतळीनं शिवलंय, धान्याचं पोतं शिवतात तसं. शिवण पानाच्या मागून हाताला लागते. चाळीस वर्षांच्या मास्तरकीत मी असं पान पाहिलेलं नाही.

आता अडचण अशी की मला ते चित्र दिसत होतं, मोठ्या भावाला पिडा दिसत होती, डॉक्टरांना लक्षण दिसत होतं, आणि मुनीमजी अजून औषधाच्या गुंगीत भिंतीकडं तोंड करून पडलेले. ज्याची पानं त्यालाच कोणी विचारलं नव्हतं. त्यात मीही आलो.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय मोठ्या भावाचा. "काय जपून ठेवून राहिले हे वहिनी, मारबतीत टाका न बावा." बाहेरच्यांना सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, "ईडा पीडा रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. भावाचं लॉजिक सरळ होतं, आजार ह्या वह्यांत उतरलाय, वह्या जाळा, आजार गेला. हसण्यासारखं वाटलं तरी पूर्ण हसू नका, त्यानं भावाला चार वेळा धरून दवाखान्यात नेलंय, त्याचा हात दाबला गेलाय दारात. वह्या त्याच्यासाठी कला बिला नव्हत्या, त्या १९ रात्री होत्या.

दुसरा, डॉक्टरांना फाइलला लावायला देणं. डॉक्टरांनीच नको म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की चित्रातला मजकूर बघून आजार किती वाढलाय ते सांगता येत नाही, लोक सांगतात पण ते भविष्य सांगण्यातला प्रकार आहे. त्यांनी मांजरांची गोष्ट सांगितली. लुई वेन म्हणून इंग्लंडचा चित्रकार होता, मांजरांची चित्रं काढायचा, शेवटची वर्षं मनोरुग्णालयात गेली. त्याची मांजरं साधीपासून पार नक्षीदार-विचित्र अशी ओळीनं लावून "बघा स्किझोफ्रेनिया कसा वाढत गेला" असं सायकॉलॉजीच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापलं गेलं. पण चित्रांवर तारखाच नव्हत्या! ती ओळ नंतर एका मानसोपचारतज्ज्ञानं आपल्या मनानं लावलेली. डॉक्टर म्हणाले, पानं बघू नका, पानं मोजा. एका रात्रीत किती भरली हे मला जास्त कामाचं.

तिसरा पर्याय माझा, आणि तो मी फार जोरात मांडला. प्रदर्शन करू, "वेडाच्या वहीतून" असं नाव देऊ, नागपूरनं असं काही पाहिलेलं नाही. मुलगी मिहानमध्ये कंपनीत आहे, ती शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही बाबांना नाही, बाबांच्या आजाराला मखरात बसवून राहिले." मी व्हॅन गॉगचं नाव काढलं, सगळे काढतात. ती म्हणाली, मग नीट वाचा. वाचलं. तारांकित रात्रीचं ते चित्र जून १८८९ चं, सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात असतानाचं हे खरं, पण झटका जोरात असायचा तेव्हा त्याला काम जमत नव्हतं, तो काम करायचा ते दोन झटक्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत. म्हणजे माझं उदाहरण माझ्याच अंगावर.

पण मुनीमजींचं उलटं होतं ना, त्यांची पानं ऐन झटक्यातली. मग मी आणखी वाचत गेलो, आणि कळलं की हे भांडण शंभर वर्षं जुनं आहे. जर्मनीत हायडेलबर्गला हान्स प्रिन्झहॉर्न नावाचा डॉक्टर होता, आधी कलेचा इतिहास शिकलेला. त्यानं मनोरुग्णालयांतून हजारो चित्रं, वह्या, भरतकाम गोळा केलं आणि १९२२ मध्ये पुस्तक काढलं. गंमत म्हणजे पुस्तकाच्या नावात त्यानं 'कला' हा शब्दच टाळला, जर्मनमध्ये 'चित्रं घडवणं' अशा अर्थाचा साधा शब्द घातला. तेव्हा मला तो भित्रा वाटला, आता वाटत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९२१ ला, स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळच्या वाल्डाऊ मनोरुग्णालयातल्या एका डॉक्टरनं आपल्या एका पेशंटवर पुस्तक लिहिलं आणि त्याला सरळ नावानिशी कलाकार म्हटलं. पेशंट अडॉल्फ व्योल्फ्ली, १८९५ पासून मरेपर्यंत तिथंच, हजारो पानं भरलेली, चित्र, आकडे, स्वरलिपी सगळं एकात एक. त्याची पानं स्क्रीनवर बघितली आणि अंगावर काटा आला, इतवारीचा मुनीम आणि स्वित्झर्लंडचा गडी, दोघांनाही रिकामी जागा सहन होत नाही आणि दोघांचेही आकडे वाढतच जातात.

आणि मग तो भाग आला ज्यानंतर मी "वेडाच्या वहीतून" हे नाव तोंडातून काढणं बंद केलं. नाझींनी १९३७ मध्ये म्युनिकला 'अधःपतित कला' म्हणून प्रदर्शन भरवलं, ते पुढं गावोगाव फिरवताना हायडेलबर्गच्या संग्रहातली चित्रं आधुनिक चित्रकारांच्या शेजारी टांगली, बघा दोघं सारखेच वेडे. त्या संग्रहातला एक अप्रतिम हात, फ्रान्झ कार्ल ब्यूलर, लोहारकाम करणारा माणूस, त्याला १९४० मध्ये ग्राफेनेकला गॅस देऊन मारलं, आजारी म्हणून. लेबल भिंतीवर लावलं की ते कोणाच्या हातात जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

मुलीला मी हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, मग तुम्ही काय ठरवलं, कला की नाही? मला तेव्हा द्युबुफे हा फ्रेंच चित्रकार आठवला, ज्यानं अशा कामाला 'आर्ट ब्रूट' म्हणजे कच्ची, असंस्कारित कला हे नाव दिलं. तोच म्हणायचा की वेड्यांची कला अशी वेगळी नसते, जशी अपचनवाल्यांची किंवा गुडघेदुखीवाल्यांची नसते. वहिनी आतून चहा आणत होत्या, त्यांचे गुडघे दुखतात, त्या म्हणाल्या मग माझं पण भरवा प्रदर्शन. पहिल्यांदा त्या घरात सगळे हसले.

चौथा पर्याय कोणालाच सुचला नव्हता, तो मुनीमजींनीच काढला.

काय केलं

सर्वात आधी, काहीच केलं नाही. हा निर्णय डॉक्टरांचा. भरती व्हायच्या आदल्या दिवशी मुनीमजी मोठ्यानं ओरडत होते की ह्या वह्या विधानभवनावर लावा, आणि मी तेच परवानगी म्हणून धरून बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, ती परवानगी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साधी कसोटी आहे, माणसाला माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम कळतात का, आणि तो आपला निर्णय सांगू शकतो का. ती उपचाराच्या निर्णयासाठी आहे, पण म्हणाले वह्यांसाठीही तीच वापरा. आजार आहे म्हणून माणूस कायमचा बाद नाही आणि झटक्यातला होकार पक्का नाही. थांबा, दोनदा विचारा, मध्ये महिना जाऊ द्या.

थांबलो. मध्ये रक्ताची तपासणी झाली, डोस थोडा बदलला, पाण्याचं वेळापत्रक लागलं, हात पुष्कळ स्थिर झाला. मारबत निघाली त्या दिवशी मोठा भाऊ वह्या घ्यायला खरंच आला होता, वहिनींनी कपाटाची किल्ली पदराला बांधली होती.

नंतर एका रविवारी मुनीमजी स्वतः म्हणाले, आणा त्या वह्या. मला वाटलं रडतील, घाबरतील. ते चष्मा लावून बसले, लाल पेन घेतलं आणि पेढीवर थकबाकी तपासतात तसं एकेक पान तपासायला लागले. कोपऱ्यात एक शब्द लिहायचा, वसूल किंवा बुडीत. तीन रविवार चाललं. वसूल म्हणजे हे माझं, मी केलंय, ह्याला मी जबाबदार. बुडीत म्हणजे हे आजारानं लिहिलं, ह्याच्याशी माझा संबंध नाही. २१२ पैकी वसूल निघाली ३१.

आणि तराजूचं पान? बुडीत.

मी वाद घातला. म्हटलं मुनीमजी, अहो ह्या सगळ्यात हेच पान खरं, ती वसूल ३१ ह्याच्यापुढं कच्ची आहेत. ते म्हणाले, "मास्तर, त्या रात्री मी हिच्यावर पितळी लोटा फेकला. मग हे काढत बसलो. तुम्हाला शिवण दिसून राहिली, मला लोटा दिसतो." मी वहिनींकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, मला चित्रातलं कळत नाही, पण पाठमोरी मीच आहे ना, मग मलाही विचारायला पाहिजे होतं कोणीतरी.

ह्या जागी मी अडलो आणि अजूनही अडलेलो आहे. कारण ज्या पानांवर त्यांनी वसूल लिहिलं ती जास्त नीटस आहेत, आखीव, संत्र्यांची रांग, नाग नदीचा नकाशा, पेढीवरच्या हमालांचे हात. चांगली आहेत, पण बुडीतातली काही भयंकर चांगली आहेत. बनवणारा म्हणतो ही माझी नव्हेत आणि बघणाऱ्याला तीच कला वाटतात, तर कोणाचं ऐकायचं? कागदावरची ताकद बनवणाऱ्याच्या नकारानं कमी होत नाही असं मला वाटतं. पण भिंतीवर लावायचं की नाही हे ताकदीवर ठरत नाही हेही आता वाटतं, आणि ही दोन वाक्यं मी एकत्र ठेवून जगतोय. कॉपीराइटचा कायदा ह्यात सरळ आहे, १९५७ चा, जो बनवतो तो पहिला मालक, बनवताना तो कुठल्या अवस्थेत होता हे कायदा विचारत नाही. म्हणजे बुडीत पानंही त्यांचीच, आणि बुडीत म्हणायचा हक्कही त्यांचाच.

प्रदर्शन डिसेंबरात एका वाचनालयाच्या हॉलमध्ये झालं, अधिवेशनामुळं शहरातले बाकी हॉल मिळेनात. ३१ पैकी १४ पानं. नाव त्यांना नको होतं. खाली चिठ्ठी एवढीच : "एक मुनीम, इतवारी. बॉलपेन, रोजमेळाचं पान." आजाराचा उल्लेख नाही, हे चौघांनी मिळून ठरवलेलं.

काय झालं

दोन दिवस मस्त गेले. इतवारीतले हमाल आले, त्यांनी आपले हात ओळखले. एक जुना अकाउंटंट अर्धा तास बेरजा तपासत उभा होता आणि जाताना म्हणाला, एकही चूक नाही.

तिसऱ्या दिवशी एका पेपरवाल्या पोरानं मला विचारलं ही पानं अशी का आहेत, आणि मी, चहाच्या कपासकट, सगळं सांगून टाकलं. झोप, गोळी, भरती, सगळं. दुसऱ्या दिवशी हेडिंग, मनोरुग्णाची अद्भुत कला. नाव नव्हतं पण इतवारीतला मुनीम एवढ्यावर पेढीचा रस्ता सापडतो. उपचार चालू असलेल्या पेशंटची माहिती त्याच्या परवानगीशिवाय मीडियाला देऊ नये असं तोच मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, ती ओळ माझ्यासारख्या बाहेरच्याला तंतोतंत लागते का ते वकील सांगतील, पण मला ती लागली.

त्या दिवशी हॉलमध्ये गर्दी तिप्पट झाली आणि बघणं संपलं. लोक बेरजा बघेनात, वेड शोधायला लागले. एक बाई संत्र्याच्या देठाकडं बोट दाखवून म्हणाली, इथं बघ, इथं बिघडलंय. ते पान तर त्यांनी शुद्धीत उतरवून काढलेलं, सप्टेंबरमधलं, वसूल पानांतली एक फाटकी होती तिची नक्कल!

मुलीसाठी एक स्थळ चालू होतं, ते त्या आठवड्यात गप्प झालं. पेपरमुळंच का, कोणी सांगत नाही, विचारताही येत नाही. छिंदवाडा रोडवरच्या त्या चौकाला ऑटोवाले अजूनही पागलखाना चौक म्हणतात अशा शहरात आपण राहतो.

शेठजींची मला सर्वात भीती होती. ते आले, पाहिलं, म्हणाले तीन वह्या माझ्या पेढीच्या, त्याचे पैसे पगारातून कापू का, आणि हसले. नोकरी आहे.

मग एक गिऱ्हाईक आलं. भिंतीवरची नको, "ती खरी वेडाची" पानं हवीत, पानाला ५,००० देतो. मी लाजेनं मान खाली घातली कारण जूनमध्ये मी हेच म्हणत होतो. मुनीमजींनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बुडीत खातं विकत घ्यायला आलाय, नवीन व्यापारी दिसतो." विकलं नाही. वसूलमधली दोन पानं गेली, एक त्या जुन्या अकाउंटंटनं घेतलं, पैसे मुनीमजींच्या खात्यावर.

परत केलं तर

जूनमध्ये पहिल्याच दिवशी मी मोबाइलवर पानांचे फोटो काढले आणि दोन चित्रकार मित्रांना व्हॉट्सॲप केले, कोणालाही न विचारता, तराजूचंही. डिलीट करायला सांगितलं, केलं म्हणाले. ही चूक सगळ्यात मोठी आणि सर्वात आधीची, आणि करताना ती चूक वाटलीच नव्हती, कौतुक वाटत होतं.

पेपरवाल्याशी कोण बोलणार, काय बोलणार हे कागदावर लिहून ठेवायला हवं होतं. माझ्यासारख्या बडबड्याला हॉलमध्ये उभंच करायला नको होतं.

वहिनींना शेवटी विचारलं, आधी विचारायला हवं होतं. त्या १९ रात्री त्यांच्याही होत्या.

चिठ्ठीबद्दल मात्र मुलीचं आणि माझं अजून जमत नाही. ती म्हणते आजार लपवला म्हणून तो बातमी झाला, मुनीमजींना तयार करून, त्यांच्याच शब्दात, आपणच एक ओळ लिहायला हवी होती. मी म्हणतो गुडघेदुखीवाल्याच्या चित्राखाली आपण गुडघा लिहितो का. मुनीमजींना विचारलं तर म्हणाले, पुढच्या वेळी बघू, म्हणजे पुढची वेळ आहे असं ते धरून चाललेत.

तराजूचं पान वहीतच आहे, सुतळीसकट. वहिनींच्या कपाटात, किल्ली अजून पदराला.

नवीन वही मुनीमजींनी स्वतः विकत आणली, पेढीची नाही, घासाघीस करून वीस रुपये कमी केले. रात्री जेवणानंतर बसतात. सकाळी वहिनी पानं मोजतात आणि कॅलेंडरवर आकडा लिहितात, दुधाच्या हिशेबाच्या खाली. चारच्या वर गेला तर धंतोलीला फोन करायचा असं ठरलंय. काल दोन होती.